कंधारला केलेले एक्केचाळीस फोन

आमच्या दुकानात शिरलेल्या माणसाला मी पुस्तकाआधी गाव विचारतो. विचारत असे, असं आता म्हणायला हवं. नांदेडात गेली सव्वीस वर्षं मी पुस्तकं छापतो आणि विकतो, आणि दोन्ही कामं एकाच खोलीत चालतात. पुढे कपाटं, मागे माझं टेबल, मुद्रितांचे गठ्ठे आणि कुरकुरणारा पंखा. टेबलावर एक जाड वही असायची. आलेल्याने तिच्यात नाव, गाव, मोबाईल आणि कोणतं पुस्तक पाहिलं एवढं लिहायचं, मग चहा. नायगावचा माणूस आला की मी नायगावच्या ओळखी काढणार, उमरीचा आला की तिथल्या माझ्या मावसभावाची खुशाली विचारणार. तुम्ही कुणाचे, कोणत्या गल्लीतले, वडील झेडपीत होते का, हे सगळं झाल्यावर पुस्तकाचा विषय निघायचा. कधी कधी निघायचाच नाही. माणूस चहा पिऊन रिकाम्या हाताने निघून जायचा आणि मला त्याचंही समाधान वाटायचं.

प्रकाशन म्हणजे फार मोठं काही नाही. शंभरेक कवितासंग्रह आहेत, जे कवी स्वतःच हळूहळू घेऊन जातात. हळदीच्या लागवडीवर एक आहे. आणि एक पुस्तक असं आहे की ज्याच्यावर आमचं दुकान उभं आहे: बाहेरून दहावीला बसणाऱ्या मोठ्या माणसांसाठीचं गणित. शाळा मधेच सुटलेली, आता सतरा नंबरचा फॉर्म भरून परीक्षा द्यायची म्हणणारी माणसं ते घेतात. घेण्याची तऱ्हा ठरलेली. आधी पंधरा मिनिटं कविता चाळायच्या, एखादा संग्रह निवडायचा, वहीत त्या संग्रहाचं नाव लिहायचं आणि पैसे देता देता म्हणायचं, "हे गणिताचं बी एक द्या, शेजाऱ्याला पाहिजे." माझ्या वहीवर विश्वास ठेवला तर मराठवाड्यात कवितेला फार चांगले दिवस आले आहेत. मी इतकी वर्षं ते पाहत होतो आणि त्यातून मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं, हे आधीच कबूल केलेलं बरं.

वेबसाइट माझ्या भाचीने केली. ती लातूरला असते आणि तिथल्या क्लासवाल्यांच्या साइट बनवते. माझी फुकट करून देईन म्हणाली, आणि फुकटच्या कामात माणूस जितका हट्ट करतो तितका मी केला. माझं म्हणणं एवढंच होतं की साइटवर आलेल्याला आधी नाव, गाव आणि मोबाईल विचारायचा आणि मग पुस्तकं दाखवायची. भाचीने तीन आठवडे माझ्याशी फोनवर वाद घातला. तिच्या मते अशाने माणूस पळून जाईल. माझ्या मते नाव-गाव न विचारता पुस्तक पुढे करणं हा पाहुण्याचा अपमान होता. शेवटी तडजोड झाली. पुस्तकं सगळ्यांना दिसतील, पण मागणी नोंदवायला गेलं की पहिल्या चौकटीत नाव, दुसऱ्या चौकटीत गाव, तिसऱ्यात मोबाईल. 'आपण कुणाचे' ही चौथी चौकट तिने मला न सांगता काढून टाकली.

मग कुकीजचा विषय आला. बिस्किटांचा विनोद घरात सगळ्यांनी एकेकदा करून झाला होता, म्हणून मी तो करत नाही. भाचीने मला सरळ समजावलं. साइटवर आलेल्याच्या मोबाईलमध्ये साइट एक बारीकशी चिठ्ठी ठेवते. माणूस पुन्हा आला की चिठ्ठी वाचून त्याला ओळखते. काही चिठ्ठ्या कामाच्या असतात, म्हणजे टोपलीत टाकलेलं पुस्तक पान बदललं तरी टोपलीत राहावं म्हणून. बाकीच्या निव्वळ पाळतीच्या, की कोण आला, कुठून आला, कशापाशी किती वेळ रेंगाळला. मला ही व्यवस्था अतिशय आवडली. माझी वही जे काम करत होती तेच, आणि चहाचा खर्च नाही. भाची म्हणाली की तिने पाळतीच्या सगळ्या चिठ्ठ्या बंद ठेवल्या आहेत. मी म्हणालो, चालू कर.

त्याबद्दलची सूचना साइटवर लावावी लागते. तिने कुठूनशी तयार सूचना आणली होती: 'आपला अनुभव वर्धित करण्यासाठी आम्ही कुकीजचा उपयोग करतो.' मी आयुष्यभर मुद्रितं तपासलेला माणूस. 'वर्धित' पाहून माझं डोकंच फिरलं. ते वाक्य मी चार वेळा बदललं आणि त्याचं मराठी निर्दोष करून दिलं. ते खरं आहे की नाही, हा प्रश्न मला पडला नाही.

साइट सुरू झाली. भाचीच्या तयार सॉफ्टवेअरबरोबर एक यादी येत होती, तिचं नाव 'अर्धवट राहिलेल्या मागण्या'. कुणी नाव, गाव, मोबाईल लिहिला आणि शेवटचं बटण न दाबता निघून गेला, तरी त्याने लिहिलेलं या यादीत येऊन बसायचं. भाचीने दोनदा बजावलं, मामा, ती यादी बघायची नाही, मी बंदच करणार आहे. पण मला ती यादी पाहून वाईट वाटे. दारात आलेला माणूस आत न येता परत गेला आणि आपण साधं 'या, बसा' म्हणालो नाही, असं कसं चालेल? आमच्याकडे उंबऱ्यापर्यंत आलेल्याला हाक मारतात.

पहिलं नाव आलं ते कंधारच्या एका बाईंचं. पुस्तक गणिताचं, प्रत एक, शेवटचं बटण दाबलेलं नाही. दिवस महालक्ष्म्यांच्या जेवणाचा होता. आमच्याही घरी सोळा भाज्यांची धांदल चालली होती. बायको म्हणाली, आज कशाला लोकांना फोन करता, बाया पुरणात असतील. मी म्हणालो, सणाचा दिवस आहे, माणसं घरी सापडतील. आणि लावला.

फोन बाईंचा, पण उचलला त्यांच्या नवऱ्याने. बाईंचे हात खरोखरच पुरणात होते. मी खणखणीत आवाजात माझी ओळख करून दिली आणि म्हणालो की आपल्या घरून आमच्या साइटवर बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचं गणित पाहिलं गेलं, नाव-गाव लिहिलं गेलं आणि मधेच सोडून दिलं गेलं, तर काही अडचण आली का. मागून बायकांचा गलका आणि भांड्यांचा आवाज येत होता.

"आमच्या घरात दहावी राहिलेलं कुणी न्हाई," पलीकडून उत्तर आलं. "मी स्वतः गणिताचा मास्तर हाय."

शहाण्या माणसाने इथे फोन ठेवला असता. मी म्हणालो, मग तर सर, आपल्याला आमचं पुस्तक फारच पसंत पडेल, आणि बीजगणिताच्या प्रकरणाची मांडणी कशी नवी आहे ते तीन-चार मिनिटं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, सणाच्या शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला. मी बायकोला सांगितलं की कंधारचे एक फार सुसंस्कृत गृहस्थ भेटले. त्या दिवशी मी दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या.

चार दिवसांनी दुपारी त्याच नंबरावरून फोन आला. या वेळी बाई स्वतः होत्या. आवाज इतका हळू की मला पंखा बंद करावा लागला.

"सर, तुम्ही फोन कशाला केला? मी पुस्तक घेतलं तर न्हाई. नुसतं नाव लिहिलं, मग भेव वाटलं म्हणून बंद केलं."

त्यांच्याकडून मग एकेक कळत गेलं. त्यांच्या माहेरच्या गावात शाळा नववीपर्यंतच होती. लग्न जमवताना त्यांच्या भावाने मुलगी मॅट्रिक आहे म्हणून सांगून टाकलं, कारण स्थळ मास्तरांच्या घरचं होतं. सासरे हेडमास्तर, दीर मास्तर, नणंद बालवाडीची बाई आणि नवरा गणिताचा. त्या घरात बावीस वर्षं त्या मॅट्रिक म्हणून राहिल्या. आता मुलीला डॉक्टरकीच्या परीक्षेच्या तयारीसाठी लातूरला ठेवलं होतं आणि आई तिच्याबरोबर तिथे खोली घेऊन राहत होती. मुलगी क्लासला गेली की दिवसभर आईला काम नसे. एक दिवस आईने मुलीला खरं सांगितलं आणि मुलीनेच आईचा फॉर्म भरला. आईला गणिताची धास्ती होती, म्हणून पुस्तक. सणाला कंधारला आल्यावर त्यांनी पुस्तक पाहिलं, नाव लिहिलं आणि नवऱ्याची चाहूल लागली म्हणून मोबाईल उलटा ठेवला.

मी विचारलं, सर रागावले का? त्या म्हणाल्या, त्यांनी अजून विषयच काढलेला नाही.

"ते रागवायचे न्हाईत, सर. तेच तर हाय. ते काहीच बोलणार न्हाईत. बावीस वर्षं बायको आपल्याशी खोटं बोलून राहिली, एवढं त्यांना कळंल अन् ते गप बसतील."

मला माझी लाज वाटली. लाज वाटली की मला राग येतो आणि राग आला की मी भाचीला फोन करतो. तिला म्हणालो, तुझ्या साइटने एका बाईचा संसार धोक्यात आणला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं की फोन साइटने लावला होता की मामाने. मग तिने ती यादी आणि पाळतीच्या चिठ्ठ्या कायमच्या बंद केल्या आणि मला सांगितलं की आता कृपा करून काही करू नका, गप्प बसा. हे शेवटचं मला जमण्यातलं नव्हतं.

मी रात्रभर त्याच विचारात होतो आणि दुसऱ्या दिवशी दात घासताना मला मार्ग सापडला. तो एक फोन संशयाचा ठरत होता कारण तो एकच होता. तसेच फोन कंधारात सगळ्यांना गेले असते तर त्या बाईंच्या फोनचं कुणाला काय वाटलं असतं? वही होतीच. मी तिच्यातली कंधारची नावं काढली, ती चाळीस निघाली, आणि सकाळी दहाला फोनवर बसलो. प्रत्येकाला तेच वाक्य, तसंच खणखणीत: आपण आमच्या साइटवर बाहेरून दहावीचं गणित पाहिलंत आणि मधेच सोडलंत, काही अडचण?

यातल्या एकानेही आमची साइट पाहिलेली नव्हती. त्यामुळे मी तयारी ठेवली होती ती शिव्यांची. शिव्या मिळाल्याही, पण थोड्या. एक निवृत्त तलाठी आवाज खाली आणून म्हणाले, "कुणी सांगितलं तुम्हाला?" त्यांना एक प्रत हवी होती, घरी नको, बसस्टँडवरच्या पानवाल्याकडे ठेवायची. एका वकिलांनी मला नोटीस पाठवण्याची धमकी दिली आणि अर्ध्या तासाने दुसऱ्या नंबरावरून विचारलं की पुस्तकात मागे उत्तरं आहेत का, त्यांच्या मेहुण्याला लागतंय. एका किराणा दुकानदाराने साइट म्हणजे काय ते विचारलं, समजून घेतलं, आपण पाहिली नसल्याचं ठामपणे सांगितलं आणि तरी पुस्तक पाठवा म्हणाला. ऐंशीच्या घरातल्या एका आजोबांची उर्दूतून चौथी झाली होती. त्यांना एवढंच विचारायचं होतं की वयाची काही अट आहे का. मी नाही म्हणालो तर त्यांनी मला मनापासून दुवा दिली. दुपारी तीनपर्यंत माझा घसा बसला आणि नऊ प्रती गेल्या. कवितेचं पुस्तक सोबत न घेता गणित विकत घेतल्याचा आमच्या दुकानाच्या इतिहासातला हा पहिलाच प्रसंग.

भाचीला मी हे अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, "मामा, एकीची गोष्ट झाकायला तुम्ही चाळिसांची उघडी पाडली." आणि तिने आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

पण उपाय लागू पडल्यासारखा दिसला. बाईंचा पुन्हा फोन आला तो जवळजवळ हसतच. त्यांचे मिस्टर शाळेतून आले आणि म्हणाले होते की स्टाफरूममध्ये तिघांना तसाच फोन आलाय, त्या नांदेडच्या माणसाचं डोकं फिरलंय, सगळ्या गावाला दहावी नापास समजून राहिलाय. कंधारात माझं नाव त्यानंतर 'दहावीवाले' असं पडलं. एका साहित्य मेळाव्याला तिथे गेलो तर स्वागताला आलेल्या मंडळींनी मला तीच ओळख सांगितली. सव्वीस वर्षांत मी एकशे बारा पुस्तकं काढली होती, पण ते असो.

बाईंनी पुस्तक मागवलं. या वेळी मी काहीच चौकशी केली नाही. भाचीने लातूरला ते साध्या पिशवीत घालून, दुकानाचं नाव कुठेही दिसणार नाही असं, त्यांच्या खोलीवर नेऊन दिलं आणि येऊन मला माफ केलं.

मग आम्ही दोघांनी साइटवरची सूचना नव्याने लिहायला घेतली. मी लिहायचं आणि भाचीने एकेक वाक्याला विचारायचं, हे खरं आहे का? मुद्रित तपासण्याची ही पद्धत मला नवीन होती. 'आम्ही आपल्याबद्दल काहीही जाणून घेत नाही' हे मी मोठ्या ऐटीत लिहिलं तर ती म्हणाली, खोटं, पार्सलसाठी पत्ता घेतो. शेवटी उरलं ते एवढं:

'तुम्ही इथे येऊन काय पाहिलंत ते आम्ही बघत नाही. टोपलीत ठेवलेलं पुस्तक टोपलीत राहावं म्हणून तुमच्या मोबाईलमध्ये एक चिठ्ठी ठेवतो, तुम्ही साइट बंद केलीत की ती संपते. पत्ता आणि मोबाईल पार्सलपुरते घेतो, पार्सल पोचलं की पुसतो. तुम्ही शेवटचं बटण दाबलं नाहीत तर तुम्ही आलाच नाहीत असं आम्ही समजतो. आम्ही कुणालाही फोन करत नाही.'

शेवटचं वाक्य भाचीने घातलं. मला ते लागलं, पण त्यात चूक काढता आली नाही.

दुकानातली वहीसुद्धा मी उचलून कपाटात टाकली. त्याचा त्रास वेगळाच झाला. लोक येत, पुस्तकं पाहत, चहा पीत आणि मी गाव विचारत नाही म्हटल्यावर अस्वस्थ होत. एक गृहस्थ, किनवटचे हे त्यांनीच नंतर सांगितलं, पैसे देऊन दारापर्यंत गेले आणि परत आले. म्हणाले, "सर, आमचं काही चुकलं का? नाव बी विचारलं न्हाई तुम्ही." मला त्यांची समजूत घालायला आणखी एक चहा मागवावा लागला. आतून मीही तितकाच कासावीस होतो. माणूस समोर बसलाय आणि तो कुणाचा हे आपल्याला माहीत नाही, या स्थितीची सवय व्हायला मला फार दिवस लागले.

दिवाळीनंतर एका शनिवारी दुपारी दुकानात एक उंच, बारीक गृहस्थ आले. खिशाला दोन पेनं, एक लाल. मी काही विचारलं नाही. त्यांनीच खुर्ची ओढली आणि सांगितलं की ते कंधारचे गणिताचे मास्तर, ज्यांच्याशी मी महालक्ष्म्यांच्या दिवशी बोललो होतो. मी लगेच सुरू केलं की तो सगळा सॉफ्टवेअरचा घोटाळा होता, चाळीस लोकांना तसेच फोन गेले. ते मला बोलू देत होते. वर्गात खोटं कारण सांगणाऱ्याला मास्तर जसं बोलू देतात, तसंच.

"पहिल्या फोनला मला नुसती शंका आली होती," ते म्हणाले. "चाळीस फोन झाले तवा खात्री पटली. चुकलेला माणूस माफी मागतो. चाळीस फोन करत न्हाई."

मग त्यांनी सांगितलं ते मी ऐकत राहिलो. बायको मॅट्रिक नाही, हे त्यांना लग्नानंतर महिनाभरातच कळलं होतं. शाळेचे पेपर तपासताना त्यांनी सहज तिला एक गणित पाहायला दिलं, आणि तिने कागद हातात धरला तेव्हाच ते समजून गेले. ते काही बोलले नाहीत. तिला कमीपणा वाटेल म्हणून पहिलं वर्ष बोलले नाहीत, आणि नंतर इतके दिवस आपण का बोललो नाही हे सांगावं लागेल म्हणून बोलले नाहीत. दिवाळीच्या तोंडावर लातूरहून परत आलेल्या डब्याच्या पिशवीत त्यांना एक कागद सापडला. अक्षर तिचं, समीकरणं दहावीची. भूमिती तिला जमेल, पण समीकरणात संख्या पलीकडे नेली की ती चिन्ह बदलायला विसरते. एवढ्यावर पेपर जाईल, असं ते म्हणाले तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता की मला त्यांच्याकडे पाहवेना.

मी म्हणालो, मग तुम्हीच शिकवा ना. ते म्हणाले, शिकवतो म्हटलं तर तिला कळेल की मला माहीत आहे.

त्यांनी पिशवीतून एक शंभर पानी वही काढली. समीकरणांची गणितं, सोप्याकडून अवघडाकडे, एकेक पायरी सोडवून दाखवलेली, आणि जिथे चिन्ह बदलतं तिथे प्रत्येक वेळी लाल पेनाने गोल. सगळी वही त्यांनी सुट्टीत लिहिली होती. हस्ताक्षर ती ओळखेल, म्हणून मी हे टाइप करून छोटी पुस्तिका करावी आणि गणिताच्या पुस्तकाबरोबरची भेट म्हणून पाठवावी, असं त्यांचं म्हणणं. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तिनं पुस्तक मागवलं का?"

हो म्हणायला माझी जीभ पुढे आली होती. सांगून दोघांचंही भलंच होणार होतं, असं मला अजूनही वाटतं. पण मी दात आवळून म्हणालो की कोण काय मागवतं ते आम्ही कुणाला सांगत नाही.

"बरं हाय," ते म्हणाले. "मला बी सांगू नका. मागवलं असंल तर ही पाठवा. अन् मी आलो होतो हे तिला सांगू नका." ते चहा न घेता उठले.

पुस्तिका मी स्वतः टाइप केली. लाल गोल लालच ठेवले. लेखक म्हणून कुणाचं नाव घालायचा प्रश्न नव्हता. भाचीने ती लातूरच्या खोलीवर पोचवली.

जानेवारीत बाईंचा फोन आला. मी आवाज ओळखला, पण नाव घेतलं नाही. त्या उत्साहात होत्या. समीकरणं येऊ लागली होती. सराव परीक्षेत फक्त दोन चुका झाल्या होत्या.

"सर, ते भेट म्हणून दिलेलं पुस्तक कुणी लिहिलंय? माझं कुठं चुकतं हे जणू त्यांना आधीच माहीत हाय. लई मायेनं समजावलंय. आमच्या घरात बी गणिताचे सर हायेत, पण त्यांना असं शिकवणं कधी जमणार न्हाई."

मी लेखकाचं नाव सांगता येत नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, निदान त्यांना माझा नमस्कार कळवा, माझ्यासारख्या बाईला कुणी एवढं धरून शिकवलं नव्हतं म्हणावं. मी कळवतो म्हणालो.

फोन ठेवल्यावर अडचण लक्षात आली. नमस्कार कळवायचा तर बाईंनी पुस्तक मागवलं हे सांगावं लागणार. टाइप करताना काही अडलं तर म्हणून मास्तरांनी दिलेला त्यांचा नंबर मला पाठ होता. मी मोबाईल हातात घेतला, सहा आकडे दाबले आणि बंद केला. मग पुन्हा घेतला आणि पुन्हा बंद केला. एकाच घरातल्या दोन माणसांच्या मधे मी नांदेडात बसलो होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगण्यासारखी इतकी चांगली गोष्ट माझ्याकडे होती. बायको आत आली आणि रडताय का म्हणून विचारू लागली. तिलाही मला सांगता येईना.